हायड्रंट लाल आहे, पण पाणी येईल का? मराठवाड्यातल्या जिनिंग आणि गोदामवाल्यांनो, या चुका टाळा

पंपघरातला काटा ७ किलोवर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब) दिसला की हायड्रंट, म्हणजे आग विझवायला होज जोडायचा लाल खांब, ठीक आहे असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. तो काटा पाणी थांबलेलं असतानाचा दाब दाखवतो. पाइपात अर्ध्यापर्यंत गाळ साचलेला असो, मधला व्हॉल्व्ह फक्त दोन आटे उघडा असो, काटा सातावरच राहणार. पाणी धावायला लागलं की मगच खरी अवस्था कळते, आणि बहुतेक ठिकाणी ते पाणी आग लागल्यावरच पहिल्यांदा धावतं.

परभणी, मानवत, सेलू, जालना भागात दसऱ्यापासून कापूस यायला लागतो. त्याआधी एक दिवस काढा आणि पंपघरापासून सगळ्यात लांब असलेला हायड्रंट चालवा. जवळचा नको. ६३ मिलिमीटरचा १५ मीटर होज आणि २० मिलिमीटर तोंडाची ब्रँच (होजच्या टोकाची धार मारायची नळी) जोडा. शेजारी १००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवा, ब्रँचचं तोंड झाकणातून आत घालून दोराने पक्कं बांधा आणि चाक हळूहळू उघडा. ब्रँचपाशी ३.५ किलो दाब असेल तर मिनिटाला सुमारे ५०० लिटर पडतात, म्हणजे टाकी २ मिनिटांत भरते. पावणेचार मिनिटं लागली तर दाब फक्त १ किलो आहे. त्या धारेने थप्पीचा वरचा थर भिजेल, पत्र्यापर्यंत पाणी पोचणार नाही.

ब्रँच एकट्याने धरू नका. ३.५ किलोला ती २२ किलोच्या जोराने मागे ढकलते, ७ किलोला त्याच्या दुप्पट. हातातून सुटली तर माणसाचं डोकं फुटेल.

दोन तोंडांचा हायड्रंट असेल तर लेथवाल्याकडून एक साधी वस्तू करून घ्या: ६३ मिलिमीटरचं बंद टोपण, मधे आटे पाडून त्यात दाबाचा मीटर. एका तोंडाला होज, दुसऱ्याला हे टोपण. पाणी वाहत असतानाचा दाब समोर दिसतो. आमच्या मते हायड्रंटमध्ये करता येणाऱ्या सुधारणांमध्ये इतक्या कमी पैशात इतकी उपयोगी दुसरी नाही.

काळी माती पाइप तोडते

पुण्या-मुंबईच्या ठेकेदाराचा नकाशा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही, त्याचं कारण काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात नुसताच पुरलेला पाइप दरवर्षी वर-खाली होतो आणि सांधा किंवा वेल्डिंग तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुटतं.

पाइप निदान एक मीटर खोल घ्या. चर खोदल्यावर तळाला १५० मिलिमीटर वाळू किंवा बारीक मुरूम पसरा, पाइपच्या बाजूंनाही आणि वर तेवढाच थर द्या. निघालेली काळी माती पाइपला लागेल अशी परत टाकू नका. लोखंडी पाइपला कोटिंग आणि टेपचं वेष्टण हवंच. नुसता लाल रंग जमिनीखाली दोन पावसाळे टिकत नाही.

वळणाची गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. १५० मिलिमीटरच्या पाइपात ७ किलो दाब असताना काटकोनी वळणावर सुमारे पावणेदोन टन जोर बाहेरच्या बाजूला पडतो. तिथे काँक्रीटचा ठोकळा लागतो, आणि तो ठोकळा मुरमाला टेकलेला हवा. ओल्या काळ्या मातीला टेकवलेला ठोकळा पावसाळ्यात सरकतो, मग त्याचा असून उपयोग नाही. हायड्रंटच्या उभ्या पाइपखालीही असाच पाया हवा. नसेल तर खांब कलतो आणि खालच्या एल्बोला चीर जाते.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. संध्याकाळी दाब ७ किलोवर असताना जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवून ठेवणारा छोटा पंप) बंद करा आणि तासाभराने काटा बघा. उतरला असेल तर सेक्शनचे व्हॉल्व्ह एकेक बंद करत पुन्हा तीच चाचणी घ्या. जॉकी पंप दर पाच मिनिटांनी सुरू होत असेल तर तो गळतीचाच निरोप आहे. पण खणायला लागण्याआधी पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) तपासा, त्यात कचरा अडकूनही असंच होतं. एप्रिल-मेमध्ये पाइपच्या रेषेवर एखाद्या जागी हिरवं गवत दिसलं, तर खणायची जागा तीच.

नवीन काम काढणार असाल तर एक सुचवतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही. गाड्या जात नाहीत अशा कंपाउंडच्या भिंतीलगत पाइप जमिनीवर, काँक्रीटच्या उशांवर टेकवून न्या. गळती त्याच दिवशी डोळ्यांना दिसते.

परदेशी नमुना घेताना

अमेरिकेतल्या थंड भागात हायड्रंटचा व्हॉल्व्ह जमिनीखाली खोल असतो आणि वापरानंतर वरचा खांब आपोआप रिकामा होतो, म्हणजे पाणी गोठून तो फुटत नाही. आपल्याला त्याची गरज नाही. उलट पाणी निचरून जायचं भोक काळ्या मातीत बुजतं आणि आजूबाजूची माती कायम ओली राहते.

तिथल्या तीन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. पहिली, ट्रक धडकला तर खांब ठरलेल्या जागी तुटतो आणि खालचा व्हॉल्व्ह बंदच राहतो. आपल्या साध्या हायड्रंटला धडक बसली की सगळ्या लाइनचा दाब तिथून उडून जातो. म्हणून रस्त्याकडच्या बाजूने काँक्रीट भरलेले पाइप रोवा आणि प्रत्येक फाट्याला व्हॉल्व्ह द्या. दुसरी, हायड्रंट उघडायचा पाच कोनांचा नट. साध्या पान्याने उघडत नाही. आपल्याकडे गनमेटलच्या वस्तू भंगारात जातात, त्यामुळे चोरी हीच मोठी अडचण आहे. त्यावर स्टेनलेस स्टीलचा लँडिंग व्हॉल्व्ह (हायड्रंटचा होज जोडायचा चाकाचा व्हॉल्व्ह) आणि काच फोडून किल्ली मिळेल अशी पेटी हा उपाय चालतो. पेटीला साधं कुलूप लावून किल्ली मालकाच्या खिशात ठेवू नका. तिसरी, तिथे टोपणाच्या रंगावरून हायड्रंट किती पाणी देतो ते कळतं. आपण खांबावर चाचणीची तारीख आणि वाहत्या पाण्याचा दाब पांढऱ्या रंगाने लिहिला तरी बंबावरच्या जवानाला पुरेसं आहे.

दुष्काळात हौद रिकामा होतो

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. अशा वर्षी आगीसाठी भरून ठेवलेल्या हौदातलं पाणी प्यायला आणि वापरायला काढलं जातं. तहानेपुढे कोणाला दोष देता येत नाही, म्हणून रचनाच अशी करा की ते पाणी सहज उपसताच येणार नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी आधी आगीच्या हौदात सोडा आणि तो भरून वाहिला की वरच्या पाइपातून वापराच्या हौदात जाऊ द्या. आगीचा हौद कायम भरलेला राहतो आणि पाणी बदलत राहिल्याने कुजत नाही. एकच हौद असेल तर वापराच्या पाइपचं तोंड आगीच्या साठ्याच्या पातळीच्या वर ठेवा. ५०,००० लिटरवर दोन धारा ५० मिनिटं चालतात. त्यातले २०,००० लिटर आधीच उपसलेले असतील तर अर्धाच तास.

विहीर आहे, पण बंबाला पाणी नाही

बंबाचा पंप साधारण ७ मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढू शकत नाही. हवेच्या दाबालाच ती मर्यादा आहे, पंप कितीही मोठा असला तरी. उन्हाळ्यात आपल्या विहिरींचं पाणी त्याच्या खाली गेलेलं असतं. म्हणून विहिरीवरच्या मोटरच्या पाइपला व्हॉल्व्ह लावून ६३ मिलिमीटरचं कपलिंग (होज जोडायचं तोंड) बसवा. गावातल्या उंच टाकीलाही तेच करा. १५ मीटर उंचीवरून दीड किलोच दाब मिळतो. धार मारायला तो कमी आहे, पण बंब भरायला चांगला. ४५०० लिटरचा बंब मिनिटाला ९०० लिटरने ५ मिनिटांत भरतो. घरगुती रबरी नळीने मिनिटाला २० लिटर येत असेल तर पावणेचार तास लागतात.

पंपघरातल्या चुका

आग लागली की कोणीतरी आधी मेन स्विच पाडतं, आणि ते बरोबरच आहे. पण आगीच्या पंपाची केबल त्याच स्विचच्या पुढे जोडलेली असेल तर पंपही बंद पडतो. ती केबल मेन स्विचच्या आधीच वेगळी घ्या.

ऑटोवर लावताना जॉकी ६ किलोला सुरू आणि ७ ला बंद, मुख्य पंप ५ ला सुरू, डिझेल पंप ३.५ ला सुरू, अशी उतरती मांडणी चालते. मुख्य आणि डिझेल पंप सुरू आपोआप व्हावेत, बंद मात्र हातानेच करावेत. डिझेल इंजिन दर आठवड्याला चालवा. ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी आटतं आणि नेमक्या वेळी स्टार्टर फक्त टकटक करतो.

होज आणि कपलिंग

कॅनव्हासचा होज जिनिंगमध्ये ठेवू नका, सरकीमुळे उंदीर असतात आणि ते होज कुरतडतात. रबर अस्तराचा होज घ्या, वापरल्यावर सावलीत वाळवा आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी पाडा. मादी कपलिंगच्या आत बोट फिरवून बघा: वॉशर मऊ लागला पाहिजे. उन्हाने कडक होऊन त्याला भेगा पडल्या असतील तर जोडावरून पाणी फवाऱ्यासारखं उडतं. वॉशर काही रुपयांचा आहे, प्रत्येक पेटीत दोन जास्तीचे ठेवा. लँडिंग व्हॉल्व्ह बंद करताना पान्याने आवळू नका, आतलं रबर सीटला चिकटतं आणि मग चाक फिरतच नाही.

रुईवर सरळ धार मारू नका. पेटलेले पुंजके उडून शेजारच्या थप्पीवर पडतात. फवारा करता येणारी ब्रँच ठेवा आणि धार सरळ मारायची ती फक्त पत्र्यावर, भिंतीवर. रुईची दाबून बांधलेली गाठ बाहेरून विझली तरी आत धुमसत राहते, म्हणून ती मोकळ्या जागेत ओढून पट्ट्या कापा, रुई उघडून भिजवा आणि पुढचे काही दिवस लक्ष ठेवा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘ब’ नमुना प्रमाणपत्र (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं) घेऊन द्यावं लागतं. एजन्सीचा माणूस आला की त्याला आधी शेवटच्या हायड्रंटपाशी न्या, टाकी भरायला लावा आणि किती मिनिटं लागली ते त्याच्यासमोर वहीत लिहा. त्या वेळी रात्रपाळीचा वॉचमन आणि मुकादम दोघांनाही बोलवा आणि व्हॉल्व्ह त्यांच्याच हाताने उघडून घ्या.