शंभर सीसीची गाडी चालवताय? ठाणे-नवी मुंबईत या चुका टाळा

स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाइन 100 या गाड्या कुरकुर करत नाहीत, हीच त्यांची अडचण. ऑइल काळंकुट्ट झालं तरी चालतात, चेन लोंबत असली तरी चालतात. मालक समजतो, हिला काही होत नाही. होतं, फक्त उशिरा कळतं. आणि आपल्याकडे ते लवकर होतं, कारण इथली गाडी पळते कमी आणि उभी राहून जळते जास्त.

नुसते किलोमीटर मोजणं

सर्व्हिसिंगच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे असतात, जे आधी होईल ते. आपण सोयीचा तेवढा वाचतो. संध्याकाळी कापूरबावडीहून कासारवडवलीकडे निघालात तर काटा जेमतेम हलतो, इंजिन मात्र सगळा वेळ चालू असतं. यातल्या बहुतेक इंजिनांना ना पंखा, ना रेडिएटर. त्यांना थंड करतो तो फिन्सवरून, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांवरून, जाणारा वारा, आणि ट्रॅफिकमध्ये तो नसतो. त्यामुळे मोकळ्या पाम बीच रोडवरचे दहा किलोमीटर आणि तुंबलेल्या घोडबंदर रोडवरचे दहा किलोमीटर ऑइलच्या दृष्टीने सारखे नाहीत. रोज गर्दीतून जात असाल तर महिन्यांचाच हिशेब धरा.

या इंजिनात ऑइल असतं लिटरभराच्या आसपास. दोनशे मिली उडालं की पाचवा हिस्सा गेला. म्हणून अधूनमधून गेज (ऑइलच्या झाकणाला असलेली मोजपट्टी) बघा: सपाट जागा, गाडी मधल्या स्टँडवर, गेज पुसून परत आत. बहुतेक गाड्यांत ते आटे न फिरवता नुसतं टेकवून बघायचं असतं. फिरवून बघितलंत तर आहे त्यापेक्षा जास्त ऑइल दिसतं. कारचं उरलेलं ऑइल यात ओतू नका. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या निसरड्या घटकांमुळे तो घसरू शकतो. रेस वाढते, पण वेग वाढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, म्हणजे अशा क्लचला चालणारं बाइकचं ऑइल) लिहिलेलं बघून घ्या.

ॲव्हरेज पडलं की ट्यूनिंग

ही सगळ्यात खर्चिक सवय. ‘जरा सेटिंग करून दे’ म्हटलं की मेकॅनिक स्क्रू फिरवतो, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस 6 (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्यांत तर बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडलं जातं, तिथे फिरवायला तसा स्क्रूच नाही.

आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते मोजा. शंभराचं पेट्रोल टाकून अंदाज बांधण्याला अर्थ नाही. एकाच पंपावर टाकी फुल, मीटरचा आकडा लिहा, आठवडाभर चालवा, पुन्हा तेवढीच फुल, मग भागाकार. खरंच पडलं असेल तर कार्बोरेटरच्या आधी चाकाकडे बघा.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. चेनमुळे थोडं जड लागेल, पण ते मोकळेपणाने फिरलं पाहिजे. खरखर करत अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेक शू ड्रमला घासतोय, आणि तुमचं पेट्रोल तिथे जातंय. बऱ्याचदा कारण म्हणजे ब्रेक ‘टाइट’ करून घेतलेला असतो. पेडल थोडं मोकळं दाबलं गेल्यावरच ब्रेक लागायला हवा. दुसरं कारण म्हणजे आपला उजवा पाय. पेडलवर पाय टेकवून चालवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना ते मान्य नसतं! मागून येणाऱ्या मित्राला विचारा, चालत्या गाडीत ब्रेक लाइट पेटलेला दिसतो का. 2019 नंतरच्या कॉम्बी ब्रेकवाल्या गाड्यांत या पेडलने पुढचाही ब्रेक लागतो, म्हणजे नुकसान दुहेरी.

मग हवा. ती टायर गार असताना तपासायची, स्टेशनपर्यंत तापवून नाही. मागे कोणी बसत असेल तर मागच्या चाकात जास्त हवा लागते. किती, ते चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतं. त्यानंतर चेन. बंद कव्हर असेल तर त्याला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वरखाली करा. दोन ते तीन सेंटिमीटर हलायला हवी. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंग खाते. तुर्भे-महापेच्या धुळीतून रोज जाणाऱ्यांनी एअर फिल्टर लवकर बदलावा. कागदी फिल्टर धुवू नये.

सेल्फ मारत बसणं

बॅटरी छोटी असते. एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू, आणि घर ते स्टेशन दहा मिनिटांत बॅटरी भरून निघत नाही. सकाळची पहिली सुरुवात किकने करा. सेल्फ फिरतोय पण गाडी चालू होत नाही, किंवा गिअर टाकला की बंद पडते, तर साइड स्टँड बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथे इंजिन बंद करणारा स्विच असतो. पावसात त्यात चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो. पाण्याने धुवून स्टँड चार वेळा वरखाली केला की पुष्कळदा काम होतं.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) कायम रिझर्व्हला ठेवू नका. इंजेक्शनवाली असेल तर टाकी तळाला जाईपर्यंत ताणू नका, पंप आत पेट्रोलमध्येच थंड राहतो.

पाणी आणि वारा

वंदना डेपोजवळ किंवा एपीएमसीत साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ना सेल्फ, ना किक. आत पाणी गेलं असेल तर किकने इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. ढकलत बाहेर काढा, प्लग आणि फिल्टरचा डबा उघडून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर बदलल्याशिवाय चालू करू नका. पाण्यातून सहीसलामत निघालात तरी ड्रम ओले असतात. थोडं अंतर हळू, ब्रेक अलगद दाबत चला.

या गाड्यांचं वजन एकशेदहा किलोच्या आसपास. वाशी किंवा ऐरोलीच्या खाडीपुलावर पावसाळी वाऱ्यात बाजूने ट्रक गेला की गाडी आधी दबते, मग ओढली जाते. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. अटल सेतूवर तर दुचाकीला बंदीच आहे, तेव्हा उलव्याकडून मुंबईला निघताना मॅपमध्ये कारऐवजी दुचाकीचा पर्याय निवडा.