टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपके : तांब्याचा गुण येईनासा झाल्यावर या चुका टाळा

टोमॅटोच्या पानांवरील जिवाणूजन्य ठिपक्यांना ताम्रयुक्त औषध दाद देईनासे झाले, की मात्रा वाढवावी किंवा फवारण्या लवकर लवकर घ्याव्यात असे सहज वाटते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हा रोग घडवणाऱ्या झँथोमोनास जिवाणूंच्या ताम्ररोधक (तांब्याला न जुमानणाऱ्या) प्रकारांत तांबे बांधून ठेवणारी किंवा त्याचा घातकपणा कमी करणारी प्रथिने तयार होतात. त्यांची जनुके अनेकदा प्लाझ्मिडवर (जिवाणूतील मुख्य गुणसूत्राहून वेगळ्या, छोट्या डीएनए-कड्यावर) असल्यामुळे ती एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. प्रत्येक जादा फवारणीत तांब्याने मरणारे जिवाणू मरतात आणि न मरणाऱ्यांना पान मोकळे मिळते. अमेरिकेतील फ्लोरिडामध्ये ढोबळी मिरचीवरील याच रोगाच्या जिवाणूंत असा प्रतिकार आढळल्याचे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. तांब्यात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळल्यास विद्राव्य तांबे वाढते आणि नियंत्रण सुधारते, हेही तेव्हाच दिसले. तरीही पाऊस आणि उष्ण, दमट हवा टिकून राहिली तर हे मिश्रणही अपुरे पडते.

तांब्याऐवजी स्ट्रेप्टोमायसिनवर भिस्त ठेवणे, ही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. फ्लोरिडात त्या प्रतिजैविकाला न जुमानणारे जिवाणू तांब्याच्याही आधी, १९६० च्या दशकातच आढळले होते.

मुळात रोग कोणता, हे पाहिल्याविना प्रतिकाराचा निष्कर्ष काढू नये. अल्टरनेरिया बुरशीच्या लवकर येणाऱ्या करप्यात ठिपक्यावर एकात एक वलये दिसतात. जिवाणूजन्य ठिपके लहान, काळपट आणि आरंभी पाणी मुरल्यासारखे असतात. खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा, कारण तेथे ताम्रयुक्त माध्यमावर जिवाणू वाढवून प्रतिकारही तपासता येतो. शिवाय तांबे पानाच्या पृष्ठभागावरच संरक्षण देते. ठिपके भरल्यानंतर केलेली फवारणी निष्फळ ठरली, तर त्यास प्रतिकारच कारणीभूत आहे असे नाही.

फवाऱ्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) फार आम्लधर्मी ठेवू नये. त्याने तांबे जास्त विरघळून पाने भाजतात.

खरी उपेक्षा होते ती बियाण्याची आणि रोपवाटिकेची. हे जिवाणू बियाण्यासोबत येतात, रोपांवर वरून पडणाऱ्या तुषारांनी पसरतात आणि ओल्या झाडांत काम करणाऱ्यांच्या हातांवाटे पुढे जातात. घरचे, लेप नसलेले बियाणे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटे ठेवून लगेच थंड करावे. तापमान मात्र तापमापकानेच मोजावे, कारण थोड्या जादा उष्णतेनेही उगवण घटते. टोमॅटोनंतर त्याच जमिनीत मिरची घेऊ नये, कारण या जिवाणूंपैकी झँथोमोनास युव्हेसिकॅटोरिया ही जात दोन्ही पिकांवर जगते.