जर्मनीत पहिले तीन महिने: बडोद्याहून निघताना या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी कोणी ना कोणी येतं. मुलगा किंवा मुलगी ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला निघालेली असते, सोबत आई असते, आणि प्रश्नांची सुरुवात सामानापासून होते. कुकर किती लिटरचा न्यावा, रजई लागेल का, थालीपिठाची भाजणी चालेल का. मी तिथे सहा वर्षं राहिले. सामानापायी कोणाचं अडलेलं पाहिलं नाही. अडतं ते पत्त्यापायी. तुम्ही कुठे राहता याचा सरकारी कागद आधी, बाकीची सगळी कामं त्याच्या मागून, अशी तिथली रीत आहे. बहुतेक चुका हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

“आधी पोहोचू, मग घर बघू”

मित्राच्या खोलीत चार दिवस काढू आणि निवांत घर शोधू, हा बेत सर्रास असतो. पण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्टबरोबर घर देणाऱ्याच्या सहीचा एक ठरावीक फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार दाखवून काम होत नाही. म्हणून खोलीबद्दल विचारताना भाड्याच्याही आधी विचारा, “इथे अनमेल्डुंग करता येईल का?” उत्तर “नाही” असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

या नोंदीवर काय काय अवलंबून आहे ते बघा. अकरा आकडी करक्रमांक नोंदणीनंतर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. तो नसेल तर अर्धवेळ नोकरीच्या पगारातून सर्वात चढ्या, म्हणजे सहाव्या वर्गाच्या दराने कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो, पण त्या महिन्याचं भाडं त्यातून भरता येत नाही. निवास परवान्यालाही हीच नोंद लागते. व्हिसासाठी जे बंद खातं (ब्लॉक्ड अकाउंट) काढता, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि त्यातले महिन्याला ९९२ युरोच हातात येतात, तेही तिथलं चालू खातं उघडल्यावर. खात्यात वर्षाचे पैसे असून पहिल्या महिन्यात उसनवारी करणारी मुलं मी पाहिली आहेत. दीड-दोन महिन्यांचा खर्च कार्डावर वेगळा ठेवूनच निघा.

अनामत रक्कम हा यातला सर्वात मोठा खड्डा. ती मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत भरायची मुभा आहे. मूळ भाडं म्हणजे काल्टमीटे, त्यात हीटिंग आणि पाणी धरलेलं नसतं. ते धरलं की वार्ममीटे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुठलं छापलंय ते बघा. “मी सध्या दुसऱ्या देशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल,” असं कोणी लिहिलं तर तो भामटा आहे. घर किंवा किल्ली बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. आणि ताबा घेताना भिंतीवरचे ओरखडे, तुटलेली कडी, सगळं दोघांच्या सहीच्या कागदावर नोंदवून फोटो काढा. घर सोडताना अनामत त्याच्यावरून परत मिळते.

उपाय साधा आहे. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज करा, कारण मोठ्या शहरांत रांग महिनोन् महिने चालते. राहायची जागा पक्की झाली की नोंदणीची वेळ बडोद्यातूनच ऑनलाइन घ्या. दोन आठवड्यांच्या आतली तारीख मिळत नसेल तर मिळालेल्या तारखेचा पुरावा जपून ठेवा, आणि रोज सकाळी कार्यालय उघडायच्या वेळेला संकेतस्थळ पाहा. रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात.

अर्जांवर अर्ज करून नकार येत राहतात. कधीकधी नाव बघूनच येतात. तेव्हा तो आपला दोष मानू नका. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला शिकायला गेले, आणि १९१७ साली नोकरीसाठी याच बडोद्यात आले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. फतेगंजात परदेशी विद्यार्थी खोली शोधताना दिसले की मला ते आठवतं. बडोद्यात घरं भाड्याने देणाऱ्यांनीही ते आठवावं असं मला मनापासून वाटतं.

पेटीवर नाव न लावणं

आमच्या वाड्यात टपाल कोणाचंही असो, ओटल्यावर बसलेल्या आजीच्या हातात पडायचं आणि रात्रीपर्यंत बरोबर घरी पोहोचायचं. जर्मनीत पत्त्यात इमारतीचा क्रमांक असतो, पण फ्लॅटचा सहसा नसतोच. इमारतीत तीस कुटुंबं असली तरी पोस्टमन फक्त पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. मी ते तसंच राहू दिलं, आणि माझं बँकेचं कार्ड परत गेलं. मग पिन आला, कारण तो वेगळ्या पाकिटातून येतो, आणि तोही परत गेला. तीन आठवडे मी जवळच्या रोख रकमेवर काढले. किल्ली मिळाल्यावर कागदाची पट्टी चिकटवली असती तर हे टळलं असतं. पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर, दोन्हीकडे आडनाव लावा. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात त्याचं आडनावही द्या.

नावाची आणखी एक अडचण खास आपल्याकडची. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. तिथला कारकून पहिला शब्द तुमचं नाव समजतो. शिवाय गायकवाडसारख्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बडोद्यात एक आणि पुण्यात दुसरं. पासपोर्टवर जे आहे तेच करारावर, बँकेत, विम्यावर आणि पेटीवर हवं, अक्षर न् अक्षर. फरक असेल तर निघण्याआधी इथेच दुरुस्त करून घ्या.

जर्मन पत्र आलं म्हणून बाजूला ठेवणं

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. घरात टीव्ही नाही, तेव्हा ही फसवणूक असणार, असं समजून मुलं ते फेकतात. ती फसवणूक नाही. शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे आणि मागच्या तारखेपासून दंडासकट वसूल होतं. ते घराला असतं, माणसाला नाही. चौघं एकत्र राहत असतील तर एकाने भरायचं आणि वाटून घ्यायचं. तुमच्या घरातला कोणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की तुमचं प्रकरण मिटतं. सरकारी पत्रावर हरकत घ्यायची मुदत बहुधा एक महिन्याची असते, म्हणून पत्र आलं त्याच दिवशी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

स्वस्तातला विमा

वयाची तिशी ओलांडली नसेल तर सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून काही जण सरकारी विम्यातून सूट घेतात. ही सूट संपूर्ण शिक्षण होईपर्यंत मागे घेता येत नाही. एकदा सही केली की पुढे आजारपणात पस्तावायची वेळ येते. या लेखातली सगळ्यात महाग चूक हीच.

बंद खिडक्या

थंडी म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या, आत वरण उकळायचं आणि हीटरजवळ कपडे वाळत घालायचे. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. पण ती दमट ऊब गार भिंतीवर बसते, पाणी होतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. मग घरमालक अनामतीतून रंगाचे पैसे कापतो. दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. नुसती तिरकी फट ठेवली तर भिंत गार होते आणि ओल तशीच राहते. बुरशीचा ठिपका दिसला तर फोटोसह लगेच मालकाला लिहा, लपवू नका. फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडी ठेवून करा, कारण घरोघरी धुराचा अलार्म सक्तीचा आहे.

“तिथे सगळे इंग्रजी बोलतात ना, मावशी?”

वर्गात बोलतात. परवाना कार्यालयात, दवाखान्याच्या काउंटरवर, शेजारच्या आजींकडे नाही. आपण बडोद्याचे मराठी लोक पिढ्यान् पिढ्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलत आलो. भाजीवालीशी गुजरातीत घासाघीस केली म्हणून कोणाचं मराठीपण कमी झालं नाही. ही सवय पुण्या-मुंबईच्या मुलांकडे नसते, तुमच्याकडे आहे. निघण्याआधी सहा महिने जर्मन शिका आणि पहिल्या दिवसापासून मोडकंतोडकं बोला. फक्त भारतीयांच्या घरात, भारतीयांच्या ग्रुपवर राहिलात तर दोन वर्षांनीही पत्र वाचायला दुसरा माणूस लागेल.

लहान पण नडणाऱ्या गोष्टी

शनिवारी रात्री उतरू नका. रविवारी दुकानं बंद असतात आणि कार्यालयंही. सोमवार-मंगळवार गाठा. तूप, पेढे, श्रीखंड बॅगेत भरू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि ताज्या कढीपत्त्याला तपासणीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. भाजणी आणि चिवडा खुशाल न्या. औषधं तीन महिन्यांपुरतीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विनातिकीट पकडलं तर ६० युरो दंड. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन नको. रात्री-बेरात्री ताप चढला तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

इथला मोबाइल क्रमांक बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि तिथून तो पुन्हा चालू करणं फार जिकिरीचं असतं.

व्हिसा बहुधा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आधी निवास परवान्याचा अर्ज गेलेला हवा. भेटीची तारीख उशिराची मिळाली तरी अर्ज मुदतीत पोहोचला असेल तर तात्पुरता कागद मिळतो. तो मागून घ्या.

नोव्हेंबरात गप्प बसणं

नवरात्रीत गरब्याचे व्हिडिओ बघत पहिले दिवस निघून जातात. खरं जड जातं ते नोव्हेंबरपासून. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, आणि घरी काळजी नको म्हणून मुलं “सगळं छान” एवढंच सांगतात. मीही तेच करत होते. झोप उडाली, जेवण सुटलं, तर विद्यार्थी सेवा संस्थेत समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जा. आणि आई-बाबांशी बोलायची वेळ ठरवून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर तिथे साडेबारा वाजले की इथे पाच वाजलेले असतात. आमच्याकडे त्या वेळेला चहा होतो. तो चहा मी पुढची सगळी वर्षं फोनवरून त्यांच्यासोबत घेतला.