कॅन्सर किंवा थॅलेसेमिया झालेल्या मुलासाठी गल्लीतून पैसे उभे करायचे असतील तर

आमच्या गल्लीतल्या एका पोरीला सहाव्या वर्षी ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल म्हणतात तो, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा. कराडहून तिला मुंबईला टाटाला नेलं. मंडळाची हिशोबाची वही तेव्हा माझ्याकडे होती म्हणून पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातलं काहीच मला येत नव्हतं. पुढं तीन-चार मुलांसाठी हे काम केलं, त्यातलं एक थॅलेसेमियाचं, म्हणजे जन्मजात रक्ताच्या आजाराचं. आता कुणी ना कुणी विचारतं की ताई आम्हाला करायचंय कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की एएलएलची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते, आणि गल्लीतले लोक पैसे देतात ते पहिल्या पंधरा दिवसांत. आमच्याकडे पण तसंच झालं, गणपती जवळ आले होते, लोकांनी भरभरून दिलं, आणि सातव्या महिन्यात पोरीचा बाप माझ्या दारात उभा की ताई आता पुढच्या तारखेला जायला गाडीभाडं नाहीये, जाऊदे म्हणतो, तशी ती बरीच दिसतेय. खरंच बरी दिसत होती. पहिल्या महिनाभराच्या जोरदार औषधांनंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात, ताप जातो, पुढं केस पण परत येतात, मग घरच्यांना वाटतं झालं. पण औषध मध्येच थांबवलं तर आजार उलटतो आणि मग तो आवरणं फार अवघड जातं. पूर्ण ट्रीटमेंट घेतलेली बहुतेक मुलं आज बरी होतात, म्हणून जे मूल गाडीभाड्यापायी सुटतं ना त्याचं मला जास्त लागतं. तेव्हा एकदम दोन लाख गोळा करण्यापेक्षा वीस घरांकडून महिन्याला पाचशे, अडीच वर्षं, असं बांधून घ्या. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे एका मिनिटात कळतं, त्यांनाच हाताशी धरा, कुणाचा हप्ता राहिला ते त्यांना बरोबर मागता येतं.

आता पैसे मागायच्या आधीचं काम, हे कंटाळवाणं आहे पण यातच निम्मा भार हलका होतो. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असतात, आईबापाला आधी त्यांच्याकडे पाठवा, किंवा तुम्ही सोबत जा कारण घाबरलेल्या माणसाला अर्धं ऐकूच येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज असतो, त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो दाखला आजच काढायला टाका. टाटात मुलांच्या कॅन्सरच्या उपचाराला मदत करणारं इम्पॅक्ट फाउंडेशन आहे. धर्मादाय ट्रस्टची जी मोठी खाजगी हॉस्पिटलं आहेत त्यांना १० टक्के खाटा गरीब पेशंटना फुकट आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, कायदाच आहे, पण विचारल्याशिवाय कुणी सांगेल या भरवशावर राहू नका. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत, त्यासाठी हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यायचा. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाला पण सवलत आहे. आम्ही पहिले चार महिने पूर्ण तिकीट काढत होतो, कुणी सांगितलंच नव्हतं.

राहायचं बघा. सेंट ज्यूड म्हणून संस्था आहे, २००६ पासून, बाहेरगावच्या कॅन्सर झालेल्या मुलांना आईबापासकट फुकट राहायला देते, स्वयंपाकाची सोय असते, पण तिथं हॉस्पिटलकडूनच नाव जावं लागतं. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, किती वर्षं कॅन्सरच्या पेशंटना आसरा देतेय. जागा मिळेलच असं नाही, वाट बघावी लागते, तेवढ्या दिवसांचं भाडं हिशोबात धरा.

हे सगळं झाल्यावर जे उरतं त्यासाठी गल्लीचे पैसे. आणि ते कसलं असतं बघा, माझ्या वहीतलं एका महिन्याचं पान सांगते. दादर ते परळ टॅक्सी, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना लोकलच्या गर्दीत न्यायचं नाही. थर्मामीटर, दोनदा, कारण पहिला फुटला. मास्क. दूध, अंडी, गॅसचा छोटा सिलेंडर. रक्ताच्या तपासण्या ज्या बाहेर कराव्या लागल्या. धाकट्या भावाला मामाकडे ठेवलं होतं त्याच्या शाळेची फी. आणि खाली बापाच्या हातची ओळ, ‘खाडे १९’. तो गवंडीकाम करतो, एकोणीस दिवस कामावर गेला नव्हता. ती ओळ कुठल्याच योजनेत बसत नाही, ती आपणच भरायची.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून नीट वाचा. मी पहिल्यांदा माझ्याच यूपीआयवर घेतले, चूक झाली. एक तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत पण मागं बोलतात, आणि दुसरं म्हणजे नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर रक्कम आली की ती सगळी इन्कम टॅक्सला उत्पन्न म्हणून धरली जाऊ शकते. उपचाराचे पैसे देणाऱ्यांनी थेट हॉस्पिटलला पेशंटच्या केस नंबरवर भरावेत, कसे भरायचे ते अकाउंट्सच्या खिडकीवर विचारा, पावती मिळते. वरखर्चाचे पैसे एखाद्या रजिस्टर ट्रस्टमार्फत घ्या, त्यांचं ८०जी म्हणजे देणगीवरच्या सवलतीची नोंदणी असेल तर जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्या देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट पण मिळते, फक्त २ हजारांच्या वर रोख दिली तर ती सूट नाही. मंडळ रजिस्टर नसेल आणि जाहीरपणे वर्गणी मागायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी काढा, गणपतीला काढतो तीच, ऑनलाइन होते. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या मित्रमंडळींना मंडळाच्या खात्यात पैसे टाकायला सांगू नका, परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए म्हणजे केंद्र सरकारची नोंदणी लागते, ते असलेल्या संस्थेलाच त्यांना देऊ द्या.

सह्या दोघांच्या ठेवा आणि त्यातला एक माणूस त्या घरचा नातेवाईक नको. दर महिन्याच्या ५ तारखेला ग्रुपवर हिशोबाचा फोटो, पाच रुपयांचा झेरॉक्स पण लिहायचा. हे केलं की हप्ते टिकतात, आमचे ज्या दोन महिन्यांत हिशोब टाकायचा राहिला त्याच दोन महिन्यांत सात जण गळाले.

आता मेसेज. इथं मी जी चूक केली ती आजही मनातून जात नाही. पोरीचा केस गेलेला फोटो, नाव, शाळा, बापाचा नंबर, सगळं टाकून मेसेज सोडला. पैसे आले, खोटं नाही बोलत. पण तो मेसेज तिची ट्रीटमेंट संपल्यावर सुद्धा फिरत होता, रात्री अकराला अनोळखी लोक फोन करून विचारायचे की पोरगी आहे का गेली. आणि ती परत शाळेत गेली तेव्हा वर्गातल्या एका मुलाने आईच्या मोबाइलवर तो फोटो बघितलेला होता. ती दोन दिवस शाळेत गेली नाही. म्हणून सांगते, चेहरा नको, नाव नको, शाळा नको. आता आम्ही असं लिहितो:

‘आपल्या भागातल्या ६ वर्षांच्या मुलीवर मुंबईत रक्ताच्या कॅन्सरचे उपचार सुरू आहेत. उपचाराचा मोठा भाग योजनेतून होतोय. प्रवास, राहणं आणि खाणं यासाठी महिन्याला १० हजार लागतात. महिन्याला पाचशे देणारी २० घरं हवीत, १३ झाली. हा मेसेज ३० जूनपर्यंतच चालू आहे, त्यानंतर पुढे पाठवू नका. कागदपत्रं बघायची असतील तर मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी ७ नंतर या.’

शेवटची तारीख टाकायला विसरू नका. आणि आईबापाला पाठवायच्या आधी वाचून दाखवा, त्यांना एखादं वाक्य नको असेल तर ते काढायचं, वाद घालायचा नाही.

रक्ताचं वेगळं बघावं लागतं. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्यातल्या गंभीर प्रकारच्या मुलाला दर दोन-तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. आपल्याकडे शिवजयंतीला सगळी मंडळं एकाच आठवड्यात शिबिरं घेतात, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, पिशवी मिळता मिळत नाही. रक्ताची पिशवी पाच-सहा आठवडे टिकते, प्लेटलेट तर पाचच दिवस. तेव्हा शिबिर घ्यायचंच तर मे मध्ये घ्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, आणि त्याशिवाय त्या मुलाच्या नावाने दहा-बारा जणांची यादी करा, पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी परत देता येतं त्याप्रमाणे पाळी लावा. प्लेटलेट देणाऱ्यांची यादी वेगळी, त्यांना मशीनवर तासभराच्या वर बसावं लागतं, तेवढी सुट्टी मिळणारा माणूस हवा. थॅलेसेमियाच्या मुलांचा दुसरा खर्च म्हणजे अंगात साठणारं लोह काढायच्या गोळ्या, त्या रोजच्या असतात, आणि रक्त चढवताना लावायचे फिल्टर. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातला मगज मुलाला देणं, करायचं ठरलं तर कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, ठराविक हॉस्पिटलांत १० लाखांपर्यंत मदत होते, पण सख्ख्या भावंडाचा मॅच निघायची शक्यता चारात एक असते आणि ट्रान्सप्लांटनंतर काही महिने हॉस्पिटलजवळ राहावं लागतं, गल्लीने त्या महिन्यांची तयारी ठेवायची.

आणि एक, भेटायला गर्दी करू नका. केमो चालू असलेल्या मुलाला आपला साधा सर्दी-खोकला आयसीयूपर्यंत नेऊ शकतो. कापलेली फळं, बाहेरचा वडापाव, पेढे काही नेऊ नका. फारच वाटलं तर आईला फोन करा आणि आजार सोडून बोला, त्या पोरीची आई, आमच्या वहिनी, म्हणायच्या की ताई तुम्ही भिशीत कोण भांडलं ते सांगा हो, इथं सगळे फक्त रक्ताचे काउंट विचारतात.

उरलेल्या पैशाचं काय हे पहिल्या मीटिंगमध्येच लिहून ठेवा, सह्यांसकट. मूल बरं झालं तर काय आणि नाही झालं तर काय, दोन्ही. दुसरं लिहिताना हात थरथरतो पण तेव्हाच लिहायचं, कारण तो दिवस आला तर त्या घरात जाऊन पैशाचं विचारायची वेळ कुणावर यायला नको. आम्ही लिहिलं होतं की उरलेले पुढच्या मुलाच्या गाडीभाड्याला. एका घराच्या बाबतीत ते वापरावं लागलं. या पोरीच्या वेळी ३,४४० रुपये उरले, तिच्या बापाने त्यात साठ घातले, आणि ते पाटणच्या एका थॅलेसेमियाच्या मुलाच्या पहिल्या दोन फेऱ्यांना गेले.