चेहऱ्याची पाचवी आणि सातवी नस आरशासमोर कशी तपासावी

गालावर माशी बसल्याचं कळतं ते पाचव्या नसेमुळे. ती उडावी म्हणून आपण गाल आक्रसतो, ते सातव्या नसेमुळे. चेहऱ्याचे मज्जातंतू समजून घ्यायचे असतील तर ही वाटणी आधी पक्की करावी, नावं नंतर पाठ करावीत. मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली पाचवी ट्रायजेमिनल आणि सातवी फेशियल. पाचवीकडे चेहऱ्याचा स्पर्श, वेदना, गरम-थंड आणि जोडीला चावण्याचे स्नायू. सातवीकडे सगळे हावभाव, जिभेच्या पुढच्या भागाची चव, अश्रू आणि बरीचशी लाळ.

आज हे सोपं वाटतं, पण दोनशे वर्षांपूर्वी सर्जनही इथे गोंधळलेले होते. चेहऱ्यात उठणाऱ्या भयंकर कळांवर इलाज म्हणून काही जण सातवी नस कापत. रुग्णाचं तोंड वाकडं व्हायचं आणि कळा तशाच राहायच्या! १८२१ साली स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या दोन नसांची कामं वेगळी असल्याचं मांडलं. त्यांच्या मांडणीतही चुका होत्या. पुढच्याच वर्षी शरीरशास्त्रज्ञ हर्बर्ट मेयो यांनी सातवी हालचालीची आणि पाचवी मुख्यतः संवेदनेची, असा स्पष्ट निवाडा दिला.

तपासायला घरातल्याच वस्तू पुरतात: आरसा, कापूस, स्टीलचे दोन चमचे, साखर आणि जोडीला घरातलं कुणीतरी. ही तपासणी निदानासाठी नाही. आपला नेहमीचा चेहरा आपल्याला नीट माहीत असावा, एवढ्यासाठी आहे.

पायरी १: तीन खाचा शोधा

पाचवी नस मेंदूच्या देठातून, पॉन्स नावाच्या भागातून निघते. बारा जोड्यांत ही सगळ्यात जाड. कानाच्या पुढे, कवटीच्या आत, तिची गाठ आहे आणि तिथून तीन फांद्या फुटतात. पहिली कपाळ, टाळूपर्यंतचं डोकं, वरची पापणी, डोळ्याचं बुबुळ आणि नाकाचा शेंडा सांभाळते. दुसरीकडे खालची पापणी, गाल, वरचा ओठ आणि वरचे दात. तिसरीकडे खालचा ओठ, हनुवटी, खालचे दात आणि कानाच्या पुढून कानशिलाकडे जाणारी पट्टी.

प्रत्येक फांदीचा एक धागा हाडातल्या भोकातून त्वचेखाली येतो आणि ही जागा बोटाला लागते. समोर सरळ बघा. भुवईखालच्या हाडाच्या कडेवर नाकाकडून बोट सरकवत न्या, एक बारीकशी खाच लागेल. दुसरी जागा खालच्या पापणीखालच्या हाडाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली. तिसरी खालच्या जबड्यावर, सुळ्यामागच्या दोन दातांच्या खाली. तिन्ही जागा साधारण बाहुलीतून खाली ओढलेल्या उभ्या रेषेवर येतात. नेमक्या जागी दाबलं की बोथट, नकोशी कळ येते. दाताचे डॉक्टर इंजेक्शन देताना यातल्या काही खुणांचा आधार घेतात.

पायरी २: स्पर्श

डोळे मिटा आणि जोडीदाराला कापसाचं टोक आधी कपाळावर, मग गालावर, मग हनुवटीवर टेकवायला सांगा. प्रत्येक वेळी डावीकडे आणि उजवीकडे. 'लागलं का?' हा प्रश्न पुरेसा नाही. 'दोन्हीकडे सारखं लागलं का?' असं विचारायचं. मग एक चमचा थंड पाण्यात आणि दुसरा कोमट पाण्यात बुडवून हेच पुन्हा करा. कापूस बुबुळाला मात्र लावायचा नाही. ती तपासणी डॉक्टर करतात, घरी बुबुळावर ओरखडा उठण्याची भीती असते.

इथे एक गंमत आहे. जबड्याच्या कोपऱ्यावरची, कानाखालची त्वचा पाचव्या नसेची नाही, ती मानेतून येणाऱ्या मज्जातंतूंची. म्हणून कुणाचा अर्धा चेहरा बधिर झाला असेल आणि तो बधिरपणा जबड्याच्या कोपऱ्याच्या अलीकडेच थांबत असेल, तर डॉक्टरांचं लक्ष पाचवीकडे जातं.

दाढेसाठी बधिर करण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर या दोन नसांची फारकत तुम्ही अनुभवलेलीच आहे. खालचा ओठ सुजून लोंबतोय असं वाटतं, चूळ भरताना पाणी ओघळतं. पण आरशात बघितलं तर ओठ जागच्या जागी असतो आणि हलतोही. बधिर झालेली पाचवी असते, सातवीचं काम चालूच असतं.

पायरी ३: जबडा

दात घट्ट आवळा. गालाच्या मागच्या भागात आणि कानशिलावर बोटं ठेवलीत तर दोन्हीकडे स्नायू टणक होताना कळतील. मग सावकाश तोंड उघडा आणि हनुवटी सरळ खाली जाते का ते बघा. एका बाजूचा स्नायू दुबळा असेल तर जबडा त्याच बाजूला झुकतो. सांध्याच्या दुखण्यामुळेही तो वाकडा उघडू शकतो, म्हणून एवढ्यावरून घाबरू नये.

पायरी ४: सातवीचा प्रवास

सातवी नस पॉन्सच्या खालच्या कडेला निघते, ऐकण्याच्या आठव्या नसेच्या सोबतीने कानाच्या हाडात शिरते आणि मग हाडातल्या अरुंद, वळणदार बोगद्यातून जाते. तिचे बरेचसे हाल या बोगद्यामुळेच होतात. नसेला सूज आली की फुगायला जागा नसते आणि ती तिथेच आवळली जाते. कानामागून बाहेर पडल्यावर ती कानापुढच्या लाळग्रंथीत घुसते आणि तिथे पाच मुख्य शाखांत विभागते. गालगुंडात सुजते ती हीच ग्रंथी. सातवी तिच्यातून जाते, पण तिला लाळ पाझरायला लावणारी नस नववी.

जोडीदाराच्या कानाच्या पाळीखाली मनगट टेकवून पाच बोटं चेहऱ्यावर पसरा. एक कानशिलाकडे, एक गालफडाकडे, एक गालावर, एक जबड्याच्या कडेने आणि शेवटचं मानेकडे. शाखा साधारण अशाच जातात.

आता आरशासमोर वरून खाली या. भुवया उंचावा, कपाळावरच्या आठ्या दोन्हीकडे उठतात का? डोळे गच्च मिटा. पापण्या उघडायचा प्रयत्न जोडीदाराने केला तरी त्या उघडता कामा नयेत. दात दाखवा. गाल फुगवून हवा धरून ठेवा. शेवटी मानेच्या शिरा ताठ होतील असा खालचा ओठ खाली खेचा. कुठलाही चेहरा पुरता सममित नसतो, तेव्हा शंका आली तर जुन्या फोटोशी ताडून बघा. आधार कार्डावरचा फोटो मात्र यासाठी नको.

पायरी ५: जीभ

जीभ बाहेर काढून एका बाजूला ओल्या बोटाने साखरेचे चार कण लावा आणि जीभ आत न घेता चव ओळखा. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव सातवी नेते. मागचा तृतीयांश नववीकडे. जिभेच्या पुढच्या भागातला स्पर्श मात्र पाचवीकडे असतो. म्हणूनच ठेच्याचा झणका चवीत मोडत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन गरम आणि वेदना ओळखणाऱ्या टोकांना चेतवतं आणि पाचवी नस 'भाजतंय' असा निरोप धाडते. या कामासाठी लागणारा ग्राहक रेणू १९९७ साली सापडला. तो शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

कांदा चिरताना दोन्ही नसा एका साखळीत काम करतात. कांद्यातला झोंबणारा वायू बुबुळाला लागतो, पाचवीची पहिली फांदी तक्रार मेंदूकडे नेते आणि सातवी अश्रूंचा हुकूम घेऊन परत येते. डोळ्यात कचरा जाताच पापणी मिटते, तीही याच मार्गाने.

तोंड वाकडं दिसलं तर

'तोंडावरून वारं गेलं' असं म्हणून आपल्याकडे दोन अगदी वेगळे आजार एकाच नावाखाली येतात. त्यांत फरक करायला पहिली नजर कपाळावर टाकावी. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, चेहऱ्याच्या खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे पक्षाघातात, म्हणजे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटल्यावर, ओठाचा कोपरा लोंबतो पण आठ्या दोन्हीकडे पडतात. सातवी नसच दुखावली असेल तर त्या बाजूचं कपाळही सपाट होतं आणि डोळा मिटत नाही. मिटायला गेलं की बुबुळ वर सरकून पांढरा भाग दिसतो.

हा नियम पक्का नाही. पॉन्समध्येच पक्षाघात झाला तर कपाळही जातं. त्यामुळे कपाळ बघून घरी बसण्याचा निर्णय घेऊ नये. हातापायात अशक्तपणा, बोबडं बोलणं, तोल जाणं यातलं काहीही सोबत असेल किंवा नुसती शंका असेल, तर १०८ ला फोन करा आणि लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

फक्त सातवी नस गेली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण एसटीच्या खिडकीतलं वारं लागलं म्हणून शेक आणि मालिश करण्यात जे चार दिवस जातात, तेच औषधाचे दिवस असतात. स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत नऊ महिन्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलेले सुमारे ९४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते, न घेतलेले सुमारे ८२ टक्के. मधुमेह असेल तर हे औषध साखर वाढवतं, डॉक्टरांना आधी सांगा. या आजारात त्या कानाला कुकरची शिट्टी असह्य वाटू शकते, कारण मोठा आवाज दाबणारा मधल्या कानातला इवला स्नायूही सातवीच्याच ताब्यात असतो. कानात पुरळ किंवा फोड दिसले तर ती नागीण असू शकते, औषध बदलतं. तीन महिन्यांनंतरही काहीच हालचाल परतली नाही, तर दुसरं कारण शोधायलाच हवं.

या सगळ्यात नुकसान होतं ते डोळ्याचं. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून चिकटपट्टी, बाहेर पडताना चष्मा.

दाढ काढण्याआधी

पाचवीचा मुख्य आजार म्हणजे ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. विजेचा झटका बसावा तशी कळ, काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत, बहुतेकदा गालात किंवा जबड्यात आणि एकाच बाजूला. दात घासताना, तोंड धुताना, दाढी करताना, घास चावताना ती उठते. पन्नाशीनंतर जास्त. दाढदुखी समजून चांगली दाढ काढली जाते, कळ थांबत नाही, मग शेजारचीही जाते. एक्स-रे मध्ये दात स्वच्छ असेल तर उपटण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. कार्बामाझेपिन चालतं, पण ते रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. अनेकांत मेंदूतली एखादी धमनी नसेच्या मुळाशी टेकलेली आढळते, तिला शस्त्रक्रियेने बाजूला सारता येतं. कळांबरोबर कायमचा बधिरपणा असेल तर एमआरआय टाळू नये.

कपाळाच्या एका बाजूला नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावरही फोड आला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नाकाचा शेंडा आणि डोळा यांना पाचवीच्या एकाच उपफांदीचे धागे जातात.

दोन्ही नसा एकत्र निकामी होऊ शकतात असा एक आजार म्हणजे कुष्ठरोग. गडचिरोली-चंद्रपूरकडे तो अजूनही आढळतो. सातवीची डोळ्याकडे जाणारी शाखा निकामी होऊन पापणी मिटत नाही आणि पाचवी बधिर झाल्याने बुबुळाला कचरा बोचत नाही, दुखत नाही. रुग्ण तक्रार घेऊन येतच नाही. अशा माणसाने रोज आरशात डोळ्याची लाली बघावी, आठवणीने पापण्या मिटाव्यात, झोपताना डोळा झाकावा. त्वचेवर बधिर, फिकट चट्टा असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात जावं; तिथे बहुविध औषधोपचार मोफत मिळतो.