होस्टिंगचं बिल आणि सपोर्ट: पैसे कटले, साइट बंद, आता काय?

नागपुरात इतवारीतलं दुकान असो की धरमपेठेतला क्लास, वेबसाइट बहुतेकदा ओळखीच्या डिझायनरनं करून दिलेली असते आणि होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेचं, खातंही त्याच्याच ईमेलवर असतं. आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या. खातेदार सोडून दुसऱ्याशी कंपनी बोलत नाही. डोमेनचा, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाचा, मालक म्हणूनही तुमचंच नाव हवं.

होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, रिन्यूअलचा भाव विचारा. वर 18 टक्के जीएसटी लागतो. जीएसटी क्रमांक बिल निघण्याआधीच खात्यात भरा, नाहीतर बिल तुमच्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटच्या यादीत, येत नाही आणि क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) अडकतं.

ऑटो-रिन्यूअलवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावर ई-मँडेट (आपोआप कपातीची आगाऊ परवानगी) नोंदवलेलं नसेल तर बँक आपोआप होणारी कपात नाकारते. परदेशी कंपन्यांचे पैसे इथेच अडकतात. मुदतीच्या पंधरा दिवस आधी स्वतः भरून टाका. डॉट कॉम डोमेनची मुदत टळली तर आधी सवलतीचा काळ मिळतो, पण तो कंपनीगणिक वेगळा असतो. त्यानंतरच्या 30 दिवसांत सोडवून घ्यायला जबर दंड पडतो, आणि पुढच्या 5 दिवसांनी नाव कुणालाही घेता येतं. होस्टिंगवरचा डेटा तर त्याच्याही आधी पुसला जाऊ शकतो, म्हणून बॅकअप आपल्या कॉम्प्युटरवर हवाच.

पैसे कटले पण बिल 'अनपेड' दिसतंय? लगेच दुसऱ्यांदा भरू नका. यूपीआय ॲपमधून 12 आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक काढा आणि तिकीट, म्हणजे सपोर्टकडची लेखी तक्रार, टेक्निकलला नाही, बिलिंगलाच टाका. एवढंच लिहा: "बिल क्रमांक अमुक, डोमेन तमुक, रक्कम, तारीख, वेळ, यूटीआर. पैसे खात्यातून गेले, बिल पेड करून साइट सुरू करा." सोबत पावतीचा स्क्रीनशॉट जोडा. एका तिकिटात एकच तक्रार लिहा. उत्तर येईस्तोवर त्याच तिकिटावर "काय झालं?" लिहीत राहू नका, शेवटच्या संदेशाच्या वेळेवरून रांग लागत असेल तर तुम्ही दरवेळी मागे जाता. चॅटवर बोलणं झालं तर ते जपून ठेवा, परताव्याच्या वेळी तोच पुरावा असतो.

बिल भरलेलं असूनही साइट उघडत नसेल तर मोबाइल डेटावर पाहा. तिथे चालत असेल तर बहुधा चुकीचा पासवर्ड वारंवार टाकल्यामुळे सर्व्हरनं तुमच्या ऑफिसचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) अडवलाय. तो आयपी सपोर्टला कळवा, काम चटकन होतं. दोन्हीकडे बंद असेल तर पडद्यावरचा एरर क्रमांक जसाच्या तसा लिहा. नुसतं "साइट चालत नाही" लिहिलं तर प्रश्नोत्तरांतच दिवस जातो.

दाद मिळाली नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण व्हायला हवं. पुढे 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आणि नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पोटापाण्यासाठी स्वतः दुकान चालवणारा कायद्यानं ग्राहकच ठरतो. "धंद्यासाठी घेतलंत" हे कारण ऐकून परत फिरू नका.