पिस्टन रिंगचा गॅप बसवताना या चुका टाळा

गाळप हंगाम तोंडावर आला की सोलापुरातल्या वर्कशॉपमध्ये ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांची इंजिने उतरवण्याची घाई सुरू होते, आणि त्या घाईत पिस्टनवरच्या रिंगच्या, म्हणजे एका जागी चिरलेल्या धातूच्या कडीच्या, दोन टोकांमधला गॅप मोजण्याचे काम सर्वांत आधी टाळले जाते. नवा संच खोक्यातून निघतो तो थेट पिस्टनवर चढतो. खोक्यावर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) माप छापलेले असते, हे खरे; पण प्रत्येक रिंग ती ज्या सिलिंडरमध्ये चालणार आहे त्यातच घालून, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकलून मोजली पाहिजे, कारण तिरकी बसलेली रिंग खोटे माप दाखवते.

त्याहून महाग पडणारी चूक मोजण्याच्या जागेची आहे. वापरलेला लायनर (सिलिंडरची आतली नळी) वरच्या टोकाशी, जिथून वरची रिंग परत फिरते तिथे, सर्वाधिक झिजलेला असतो. व्यास ०.०१ मिमीने वाढला की गॅप त्याच्या ३.१४ पटीने, म्हणजे सुमारे ०.०३ मिमीने वाढतो. म्हणून वर ०.१० मिमी झीज असेल, तर तिथे ०.४५ मिमी दिसणारा गॅप खालच्या न झिजलेल्या भागात जेमतेम ०.१४ मिमी उरतो. मी एकदा असेच वर मोजून समाधान मानले आणि भरलेली ट्रॉली ओढताना इंजिन जाम झाले. उघडल्यावर लायनरवर उभे ओरखडे होते आणि रिंगची दोन्ही टोके घासून आरशासारखी चकाकत होती. टोके एकमेकांना भिडल्याची ती पक्की खूण. तेव्हापासून मी रिंगच्या प्रवासाच्या तळाशीच फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावतो.

‘आपल्याकडे ऊन कडक, गॅप थोडा जास्तच ठेवा’ हा सल्लाही तपासून घ्यावा. १०० मिमी बोअरमध्ये रिंग सिलिंडरपेक्षा १०० अंशांनी अधिक तापली, तर गॅप सुमारे ०.३५ मिमीने मिटतो. गॅप ठेवायचा तो या फरकासाठी, बाहेरच्या ४२ अंशांसाठी नव्हे. साध्या पेट्रोल इंजिनात बोअरच्या प्रत्येक मिमीमागे ०.००४ मिमी हा ढोबळ हिशेब चालतो. डिझेलला, विशेषतः टर्बो असल्यास, मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. उन्हाचा संबंध येतो तो एवढाच, की उन्हात ठेवलेली रिंग सावलीतल्या ब्लॉकमध्ये घालून लगेच मोजू नये.

गॅप कमी भरल्यास एकच टोक घासावे, आणि कानस बाहेरच्या कडेकडून आतल्या दिशेनेच चालवावी. उलट चालवल्यास क्रोमचा थर टवका होऊन उडतो. ऑइल रिंगच्या (लायनरवरचे तेल खरवडणाऱ्या रिंगच्या) आतल्या स्प्रिंगची टोके कधीही घासू नयेत; ती भिडलेली असावीत, एकावर एक चढलेली नसावीत.

इंजिन बांधल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने धूर येऊ लागला, तर दोष गॅपच्या माथी मारण्याआधी होनिंग (लायनरच्या आतल्या पृष्ठभागावर दगडाने केलेली घासाई) नीट झाले आहे का आणि रिंगवरील ‘टॉप’ची खूण वर आहे का, हे पाहावे. गॅप ०.०५ मिमीने जास्त झाला म्हणून एवढा धूर येत नाही.